जुन्या जीपला पाचवा गियर बसवायचाय? गियरबॉक्स घेण्याआधी हा हिशेब करा

परभणीहून वसमतमार्गे नांदेडला निघालेली जुनी जीप दिसण्याआधी ऐकू येते. काटा साठच्या पुढे गेला की इंजिन असं ओरडायला लागतं की शेजारच्याशी बोलायला त्याच्या कानाजवळ तोंड न्यावं लागतं. डावा हात सवयीने पुढचा गियर शोधतो, पण तो नसतोच. तीन गियर होते, तिन्ही संपले. मागून एसटी हॉर्न देत येते आणि आपण बाजूला होतो.

अशी जीप घरात असलेले लोक मराठवाड्यात कमी नाहीत. कुणाच्या आजोबांनी लिलावात घेतलेली, कुणाची काळी-पिवळी म्हणून वीस वर्षं राबलेली, कुणाची शेतातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी. ती पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली की सगळ्यात आधी मिस्त्री एक सल्ला देतो, "बोलेरोचा पाच गियरचा गियरबॉक्स टाकून घ्या, सुसाट पळेल." सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्या भागात पैसे जातात, आणि कधी कधी जिवावरही बेतू शकतं. म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन बघू.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे नेमकं काय?

गियर म्हणजे इंजिनचे फेरे आणि गियरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचे फेरे यांचं प्रमाण. विलीज सीजे-३बी या जीपचा मूळ गियरबॉक्स टी-९० नावाचा. त्याचा पहिला गियर २.८ चा, म्हणजे इंजिन २.८ वेळा फिरतं तेव्हा शाफ्ट एकदा फिरतो. दुसरा १.५५ चा. तिसरा १:१, इंजिनचा एक फेरा म्हणजे शाफ्टचा एक फेरा. यालाच डायरेक्ट गियर म्हणतात. ओव्हरड्राइव्ह म्हणजे त्याच्याही पुढचा गियर, ज्यात इंजिन एक फेरा पूर्ण करण्याआधीच शाफ्टचा फेरा पूर्ण होतो. प्रमाण ०.८ असेल तर इंजिनच्या ८० फेऱ्यांत शाफ्टचे १०० फेरे होतात. वेग तोच राहतो, इंजिनची मेहनत पाचव्या हिश्श्याने कमी होते.

जगभरात या उद्योगाचं सगळ्यात मोठं वेड अमेरिकेतल्या 'मसल कार'वाल्यांना आहे. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ आणि तिच्यामागून आलेल्या गाड्या म्हणजे मोठं व्ही-८ इंजिन, चार गियर, चौथा १:१. सिग्नल सुटल्यावर पाव मैलात सगळ्यांच्या पुढे निघायचं, एवढंच त्यांचं काम. आज त्याच गाड्या हायवेवर तासन् तास चालवायच्या म्हटलं की इंजिन बोंबलतं. म्हणून तिकडे जुना चार गियरचा काढून त्याजागी बोर्ग-वॉर्नरचा टी-५ किंवा हल्लीचा ट्रेमेकचा टीकेएक्स बसवतात. आपल्याकडे मसल कारची हौस दिसण्यापुरती तरी भागवली ती हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाने. तिलाही पाच गियर शोभले ते १.८ लिटरचं इसुझू इंजिन आल्यावर. पण परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या गॅरेजात कॉन्टेसा शोधत बसण्यापेक्षा जीप समोर उभी असते. आणि गणित दोन्हीकडे तेच.

जीप ओरडते का?

महिंद्राने स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. ही गाडी हायवेसाठी बनलेलीच नव्हती. चिखलातून, डोंगरातून, तोफ किंवा ट्रॉली ओढत जायचं, त्यासाठी तिच्या अ‍ॅक्सलमध्ये ५.३८ चा क्राउन-पिनियन. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. ओढायला उत्तम, पळायला वाईट.

आता हिशेब करू. ६.००-१६ च्या टायरचा एक फेरा वजनाखाली साधारण २.२ मीटरचा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर. भागाकार केला की चाक मिनिटाला ६०६ वेळा फिरतं. गुणिले ५.३८. टॉप गियर १:१ असल्यामुळे हेच इंजिनचे फेरे, मिनिटाला ३,२६०.

आजच्या कारला ३,२६० म्हणजे काहीच नाही. पण सीजे-३बी चं २.२ लिटरचं हरिकेन इंजिन वेगळ्या जातीचं. त्याचा स्ट्रोक १११ मिलिमीटर, बोअर फक्त ७९. पिस्टनला खालीवर लांबचा पल्ला. ३,२६० फेऱ्यांवर प्रत्येक पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर होतो. या इंजिनची कमाल ताकद ४,००० फेऱ्यांवर आणि सगळ्यात जास्त ओढ २,००० च्या आसपास. म्हणजे ताशी ८० ला आपण त्याला त्याच्या सुखाच्या जागेपासून बरंच लांब, तासभर पळवत ठेवतो. डिझेल जीपचं दुखणं आणखी जास्त, कारण डिझेल इंजिनचा गव्हर्नर ठराविक फेऱ्यांनंतर डिझेलच तोडतो. गाडीत दम असतो, पण वेग तिथेच थांबतो.

गियर किती, यापेक्षा शेवटचा कितीचा

सगळ्यात जास्त पैसे इथे फुकट जातात. "तीनचे चार गियर केले" असं अभिमानाने सांगणारे भेटतात. महिंद्राच्या नंतरच्या जीपमध्ये केएमटी-९० हा चार गियरचा गियरबॉक्स आला. चांगला, दणकट, सुटे भाग मिळणारा. पण त्याचा चौथा गियर पुन्हा १:१ चाच. त्याचा पहिला गियर चारच्या आसपास, म्हणजे वाढलेला गियर खालच्या बाजूला मिळाला, वरच्या नाही. ट्रॉली ओढायला, चढावर निघायला फायदा आहे. वसमत रोडवर ताशी ८० ला इंजिन पूर्वीइतकंच, मिनिटाला ३,२६० वेळाच फिरणार. पाच गियरमध्येसुद्धा हाच घोटाळा होऊ शकतो. काही मालवाहू गाड्यांच्या पाच गियरच्या गियरबॉक्समध्ये पाचवाच १:१ असतो. लीव्हरवरचे आकडे मोजून काही कळत नाही.

जुन्या बाजारात गियरबॉक्स जमिनीवर पडलेला असतो तेव्हा तो तपासायला दोन मिनिटं लागतात. शेवटचा गियर टाका. पुढच्या शाफ्टवर आणि मागच्या शाफ्टवर खडूची खूण करा. पुढचा शाफ्ट हाताने बरोबर दहा वेळा फिरवा. मागचा दहाच वेळा फिरला तर तो डायरेक्ट. साडेबारा वेळा फिरला तर प्रमाण ०.८, तुम्हाला हवा तो. तसंच पहिल्या गियरचं करा, कारण तोही लागणार आहे. बोलेरोच्या घराण्यातले पाच गियरचे गियरबॉक्स वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळे आले आहेत, पाचवा ०.८ च्या आणि पहिला ३.८ च्या आसपास धरून चाला, पण विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा खडूवर विश्वास ठेवा.

आपल्याच जीपचे आकडेही आपणच काढायचे. टायरवर आणि जमिनीवर खूण करून जीप एक फेरा ढकला आणि टेपने अंतर मोजा. क्राउन-पिनियनसाठी मागचं एकच चाक जॅकवर उचला, खाली भक्कम ठोकळा द्या, बाकी चाकांना पुढून-मागून दगड लावा, गियर न्यूट्रल, फोर व्हील काढलेला. उचललेलं चाक दोन वेळा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजा. एक चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे दोन फेऱ्यांचा एकच धरला जातो, म्हणून शाफ्टचे जितके फेरे तितका तुमचा आकडा. साधारण पाच आणि थोडं जास्त आलं तर ५.३८. जीपवाल्यांच्या बोलण्यात ४.८८ आणि ४.२७ हेही आकडे येतात, कारण वर्षानुवर्षांत कुणी काय बदललं याचा पत्ता नसतो.

एक सांगायचं राहिलं. हे करताना हँडब्रेक सोडलेला हवा. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवरच्या ड्रमला असतो. तो ओढला की शाफ्टच फिरत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच महत्त्वाची ठरणार आहे.

चार वाटा

आता ५.३८ ची, ६.००-१६ टायरची जीप धरून ताशी ८० चे आकडे बघू.

पाचवा गियर ०.८ चा बसवला तर इंजिन ३,२६० वरून साधारण २,६०० वर येतं. ही झाली मिस्त्रीने सांगितलेली वाट.

आता गंमत बघा. गियरबॉक्सला हातच लावला नाही, तीन गियरचाच ठेवला आणि अ‍ॅक्सलमध्ये ५.३८ च्या जागी ४.२७ चा क्राउन-पिनियन बसवला तर? ६०६ गुणिले ४.२७, उत्तर २,५८८. जवळजवळ तेच! मग लोक गियरबॉक्सच्या भानगडीत का पडतात? कारण अ‍ॅक्सल बदलला की सगळेच गियर हलके होतात. पूर्वी पहिल्या गियरमध्ये इंजिनचे १५ फेरे म्हणजे चाकाचा एक फेरा होता (२.८ गुणिले ५.३८), आता ते १२ वर येतात. उठावाची ओढ पाचव्या हिश्श्याने गेली. डांबरी रस्त्यावर दोन माणसं घेऊन फिरणाऱ्याला चालेल. पावसाळ्यात काळ्या मातीत, सोयाबीनची पोती भरून बांधावरून निघणाऱ्याला नाही. आणि फोर व्हील जीप असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही अ‍ॅक्सल सारख्याच आकड्याचे करावे लागतात. एक ५.३८ आणि एक ४.२७ ठेवून फोर व्हील टाकला की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं.

दोन्ही केलं तर? पाचवा गियर आणि ४.२७ मिळून ताशी ८० ला इंजिन २,०७० वर. ऐकायला छान वाटतं. पण ७२-७५ अश्वशक्तीची, समोरून सपाट, वारा फाडत जाणारी ही गाडी. थोडा चढ किंवा समोरचा वारा आला की पाचव्यात ओढणार नाही, चौथ्यात यावं लागेल. गियर आहे पण वापरता येत नाही, अशी गत. मसल कारवाल्यांकडे ताकद उतू जाते म्हणून त्यांचं निभतं. आपल्याकडे दोन्हीपैकी एकच करावं, असं माझं मत.

तिसरी वाट अमेरिकेतली आहे. जीपच्या ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला पीटीओ जोडायचं तोंड असतं, शेतीची अवजारं चालवण्यासाठी दिलेलं. वॉर्न कंपनीने त्याच तोंडात बसणारा छोटा ओव्हरड्राइव्ह बनवला होता. इंजिनचे फेरे चौथ्या हिश्श्याने कमी, म्हणजे ८० ला २,४४५. गियरबॉक्स तोच, शाफ्ट तेच, चेसिसला एक भोक पाडायचं नाही. प्रत्येक गियरला अर्धी पायरी मिळत असल्यामुळे तीनचे सहा गियर होतात. अडचण एवढीच की तो आता जुन्या बाजारातलाच, बाहेरून मागवायचा, आणि ट्रान्सफर केसच्या तेलावर जगणारा. तेल कमी पडलं की आधी तो जातो. ज्याची जीप पूर्ण मूळ स्वरूपात आहे आणि खिसा जड आहे, त्याच्यासाठी यापेक्षा सरळ उपाय नाही.

चौथी वाट कुणी सांगत नाही, कारण तिच्यात मजुरी नाही. टायर! ६.००-१६ ऐवजी ७.००-१६ बसवला की फेरा २.३६ मीटरच्या आसपास जातो आणि ३,२६० चे ३,०४० होतात. सात टक्के. फार नाही, पण टायर तसेही बदलायचे असतील तर फुकट. स्टिअरिंग थोडं जड होईल आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागेल, तेवढं लक्षात ठेवायचं.

बोलेरोचा गियरबॉक्स बसतो, पण कशात?

इथे दोन वेगळ्या जीप समोर ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे प्रवासी वाहतुकीतून निवृत्त झालेली लांब चेसिसची, टू व्हील ड्राइव्ह डिझेल जीप. हिला बोलेरोचा टू व्हीलचा गियरबॉक्स बसवणं हे तालुक्याच्या गॅरेजातही होण्यासारखं काम. मागे जागा भरपूर, शाफ्ट लांब, इंजिनही बहुतेकदा महिंद्राचंच.

दुसरी आखूड, ८० इंच व्हीलबेसची फोर व्हील सीजे-३बी. हिच्यात गियरबॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस, आणि त्याच्यामागे आधीच हातभर लांबीचा शाफ्ट. पाच गियरचा गियरबॉक्स जितके इंच लांब, तितके इंच ट्रान्सफर केस मागे सरकणार आणि तितकाच मागचा शाफ्ट आखूड होणार. समजा शाफ्ट ५० सेंटिमीटर आहे आणि त्याची दोन टोकं १२ सेंटिमीटरने खालीवर आहेत, तर कोन साडेतेरा अंशांचा. तोच शाफ्ट ४० चा झाला तर पावणेसतरा. क्रॉसवर हा कोन वाढला की आधी थरथर, मग आवाज, मग क्रॉस तुटणं. ताशी ८० ला तुटलेला शाफ्ट गाडीखाली दांडपट्ट्यासारखा फिरतो. हा विनोद नाही. ब्रेकची नळी आणि पेट्रोलची टाकी तिथेच असते.

शिवाय जुन्या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलचा डिफरन्शियल मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. ट्रान्सफर केसचं तोंडही त्याच बाजूला. बोलेरोच्या घराण्यात मागचा शाफ्ट मधून जातो. म्हणून फोर व्हील जीपला नुसता बोलेरोचा गियरबॉक्स आणून भागत नाही. जुना ट्रान्सफर केस नव्या गियरबॉक्सला जोडणारी पट्टी आणि शाफ्टचा जोड लागतो, किंवा मग ट्रान्सफर केससकट दोन्ही अ‍ॅक्सल बदलावे लागतात. दुसरा पर्याय निवडला तर जुन्या जीपचं बॉनेट आणि नंबर प्लेट तेवढी उरते.

बरेच जण या कटकटीला कंटाळून ट्रान्सफर केसच काढून टाकतात आणि जीप टू व्हील करून घेतात. इथे मघाचा हँडब्रेक आठवा. तो ट्रान्सफर केसवरच होता! तो गेला म्हणजे हँडब्रेक गेला. बोलेरोचा हँडब्रेक मागच्या चाकांत असतो, जुन्या जीपच्या मागच्या ड्रममध्ये त्याची काहीच सोय नाही. मग घाटात किंवा बांधावर गाडी उभी करताना पोरगं दगड घेऊन मागे धावतं. एवढ्या एका कारणासाठी मी तरी कुणाला हा सल्ला देणार नाही. करायचंच असेल तर हँडब्रेक असलेला मागचा अ‍ॅक्सल आधी मिळवा, गियरबॉक्स नंतर.

गॅरेजात गाडी सोडण्याआधी

गियरबॉक्स सुटा घेऊ नका. बेल हाउसिंग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, क्लचचा फोर्क, लीव्हरचा वरचा भाग, मागचं माउंटिंग आणि शाफ्टचं पुढचं तोंड हे सगळं एकाच गाडीचं, एकाच बिलावर घ्या. बिल यासाठी की जुन्या बाजारात चोरीच्या गाड्यांचा मालही येतो. गियरबॉक्सवर नंबर कोरलेला असतो, तो बिलावर लिहून घ्या.

इंजिन आणि गियरबॉक्स वेगवेगळ्या घराण्यांतले असतील तर मध्ये जोडपट्टी लागते. लेथवाला ती सुरेख करून देईल, पण एक गोष्ट त्याला सांगावी लागते. बेल हाउसिंगचं मधलं भोक आणि क्रँकचं मध्य एका रेषेत हवं. या कामात जगभर पाळला जाणारा आकडा म्हणजे डायल गेजचा काटा एका फेऱ्यात पाच हजारांश इंचापेक्षा, म्हणजे ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. डोळ्याला हा फरक दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी गियर अडकायला लागतो, पुढची बेअरिंग बोलायला लागते, आणि सगळे म्हणतात गियरबॉक्स खराब निघाला. डायल गेज नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नका, मिस्त्री कितीही जुना असो.

प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा वेल्ड करणं सोपं; दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत ठेवणं आणि शाफ्ट मशिनवर बॅलन्स करणं, इथे चालढकल होते. पूर्वी तुम्ही पन्नास-साठने चालवत होता, तेव्हा शाफ्टचा तोल गेलेला चालून जायचा. आता चालणार नाही. बॅलन्सिंगसाठी नांदेड किंवा संभाजीनगरला जावं लागलं तरी जा.

तेलाचंही तसंच. जुन्या जीपला सगळीकडे एकच ९० नंबरचं तेल घालायची सवय असते. नव्या पाच गियरच्या गियरबॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रो रिंग असतात, आणि डिफरन्शियलसाठीचं जीएल-५ तेल त्यातल्या गंधकाच्या रसायनांमुळे पितळेला खाऊ शकतं. गियरबॉक्सच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला. बहुतेकदा ते जीएल-४ असतं. बऱ्याच गियरबॉक्समध्ये पाचवा गियर अगदी मागच्या टोकाला असतो, त्यामुळे तेल कमी झालं की पहिला तोच कोरडा पडतो. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच.

आणि ब्रेक. चारही चाकांना साधे ड्रम, बूस्टर नाही, पट्ट्यांचं सस्पेन्शन. इंजिन शांत झालं की चालवणाऱ्याला वाटतं गाडी नवी झाली. गाडी तीच आहे, फक्त तिने ओरडून सांगणं बंद केलंय. पूर्वी आवाजामुळे तुम्ही साठवर थांबत होता. आता काटा नव्वदवर गेलेला कळत नाही. मोटार वाहन कायद्यापेक्षा जुना ड्रमच तुमचा वेग ठरवेल. म्हणून गियरबॉक्सचे पैसे हातात असतील तर त्यातून आधी ब्रेकचे लायनिंग, सिलिंडर आणि नळ्या नव्या करा, उरलेल्यात गियरबॉक्स बघा. समृद्धी महामार्गावर कारसाठी ताशी १२० ची मर्यादा आहे म्हणून जालन्यावरून जीप त्यावर घालायची आणि पाचवा गियर टाकून बघायचा, हा बेत करू नका.

आरटीओ काय म्हणतं?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठासून सांगितलं. नोंदणी पुस्तकात इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, आसनसंख्या असते. गियरबॉक्सचा रकाना नसतो. त्यामुळे नुसता गियरबॉक्स बदलणं आणि पेट्रोलचं इंजिन काढून डिझेल टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी आणि नंतर पुस्तकात नोंद हवीच. गियरबॉक्स बसवताना चेसिसचा आडवा बार कापून नवा वेल्ड केला तर मात्र तो चेसिसमधला बदल झाला. बोल्टने बसणारा वेगळा बार करून घेता येतो, तोच घ्या. एमएच-२२ च्या पासिंगला गाडी नेताना हँडब्रेक आणि दिवे बघतातच. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवून ठेवा, नाहीतर अपघाताच्या दाव्यात तोच मुद्दा पुढे येतो.

जीप पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणखी एक विचार. जुलै २०२१ पासून केंद्राच्या नियमांत अशा गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आहे. नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं, नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये फेरफार केलेला चालत नाही. शिवाय ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे ज्याला शेतावर आणि नांदेडला जायचंय त्याच्या उपयोगाची नाही. पण ज्याच्या दारात सगळ्या मूळ भागांसकट सीजे-३बी उभी आहे, त्याने चेसिसला ग्राइंडर लावण्याआधी याचा विचार करावा. कापलेलं परत जोडता येत नाही.

मूळ टी-९० काढलाच तर भंगारात देऊ नका. तेल भरा, तोंडं कापडाने बांधा, शाफ्टला ग्रीस लावा आणि फळीवर ठेवा. नवा गियरबॉक्स पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर एकदा बघायचाच आहे: तेल काढून त्यात पितळेचा चुरा आहे का ते पाहायचं, बेल हाउसिंगचे आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळायचे, क्रॉसमध्ये ग्रीस भरायचं. पाचवा गियर ताशी ६० च्या आत टाकायचा नाही आणि ट्रॉली जोडलेली असताना तर अजिबात नाही. कमी फेऱ्यांवर जोर लावला की इंजिन आतून ठोकतं, आणि तो ठोका क्रँकच्या बेअरिंगवर बसतो.